आत्याच्या वाटेतला बाक

तीर्थस्वरूप आत्यास,

रखडूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं टेकवून, पण माझा उजवा गुडघा सध्या सोललेला आहे, तेव्हा या खेपेस एक अंग कमी धरून घे.) तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो, असं इथे लिहायची पद्धत आहे. पण तुझी प्रकृती उत्तम नाही हे मला कळलंय, ती कुणामुळे नाही हेही कळलंय, आणि या दोन्ही गोष्टी तुला माझ्या आधीपासून माहीत आहेत, तेव्हा आशाबिशा राहू दे. इकडे सगळे ठीक. तुझी सून बरी आहे, नात बरी आहे, मी बरा दिसतो. खरं तर फोनवरच बोललो असतो, पण तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, ऐकू गेला नसेल. मग शेजारच्यांच्या फोनवरून केला, तर तू पहिल्या घंटीला उचललास आणि माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही. फाडता येतं, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. शाळेत तू पोरांच्या खोट्या रजाचिठ्ठ्यासुद्धा आधी शेवटपर्यंत वाचायचीस आणि मगच फाडायचीस.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा गावभर फिरून येईन. तू बरेच दिवस संध्याकाळी संगीताच्या बाईंकडे गेलेली नाहीस. म्हणजे ज्यांचा गाण्याचा तास तुझ्या मैदानावरच्या शिट्टीने रोज बेसूर व्हायचा, आणि तरी ज्यांचं तुझ्यावाचून आणि तुझं त्यांच्यावाचून पान हललं नाही, त्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला खिडकीशी पडून असतात, आणि तू रोज चालत जाऊन त्यांच्याशी पत्ते खेळायचीस. ते बंद पडलं. त्याला कारण मी. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.

मी आरोग्य खात्यात नक्की काय करतो, असं तू मला दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी विषय बदलतो. आता सविस्तर सांगतो. पूर्वी आमचं काम सरळ होतं. डास मारा, पाणी तपासा, लस टोचा. मग गावात साखरेवाले आणि रक्तदाबवाले एवढे वाढले, की दवाखान्याची रांग दारातून बाहेर येऊन वळणावर गेली. तेव्हा आमच्या मोठ्या बाई (म्हणजे खात्याच्या मुख्य डॉक्टर, उंचीने माझ्याहून लहान, आवाजाने तुझ्या तोडीस तोड) म्हणाल्या की माणसं दवाखान्यात येण्याआधी रस्त्यावर आली पाहिजेत. चालत, नाहीतर सायकलवरून. गाव असं करा की गाडी काढायचा कंटाळा यावा आणि पायी निघायचा येऊ नये. बोलणं अगदी पटण्यासारखं होतं, अजूनही आहे. त्यांनी सावली म्हटलं, सपाट फुटपाथ म्हटलं, रस्ता ओलांडायला पट्टे म्हटलं, सायकलला वेगळी वाट म्हटलं. थोड्या थोड्या अंतरावर टेकायला जागा, असंही काहीतरी त्या म्हणाल्या असणार. पण तेव्हा बिस्किटांची बशी माझ्याकडे आली होती आणि मी क्रीमचं बिस्किट शोधत होतो. आमच्या खात्याने रस्तेवाल्यांच्या मानगुटीवर बसून हे सगळं करून घ्यायचं, असं ठरलं. आणि पहिला रस्ता म्हणून निवडला तुझा. निवडला म्हणजे मीच सुचवला. म्हटलं, आत्याला किती आनंद होईल.

घोषवाक्य काय ठेवायचं यावर तासभर चर्चा झाली. कुणी म्हणालं, पाऊल पुढे. कुणी म्हणालं, चाला आणि जगा. (हे मोठ्या बाईंना धमकीसारखं वाटलं.) मग मी उभा राहिलो. शाळेच्या मैदानावर आम्ही पोरं बसकण मारली की तू शिट्टी फुंकून दोनच शब्द ओरडायचीस, ते मी जसेच्या तसे म्हणून दाखवले: ‘उठा, चला!’ हेडक्लार्क तर खरंच उठून उभे राहिले. त्याच क्षणी ते मंजूर झालं आणि मला या मोहिमेचा प्रमुख करण्यात आलं. आत्या, माझ्या आयुष्यात मला कुणी कशाचा प्रमुख केलं नव्हतं. वर्गात रांगेच्या शेवटी उभा राहणारा मुलगा मी. रखडू हे नाव तूच ठेवलंस आणि ते लग्नपत्रिकेपर्यंत माझ्या मागे आलं. डोक्यात हवा जायची ती गेली.

आता बाकाकडे येतो. रस्ता मोजायला रस्तेवाले साहेब आणि मी गेलो. बरोबर मधोमध, टेलरमास्तरांच्या दुकानासमोर, झाडाखाली तो लोखंडी पायांचा, लाकडी फळ्यांचा बाक होता. सायकलची पट्टी नेमकी त्याच्या पायातून जात होती. साहेब म्हणाले, पट्टी थोडी वळवू, किंवा बाक चार पावलं मागे भिंतीशी सरकवू, काही अडत नाही. म्हणजे बघ, अडत नव्हतं. पण मी प्रमुख होतो. मी बाकाकडे पाहिलं, तर त्यावर दोघं जण बसलेले. आम्ही गावभर फलक लावतोय की बसून राहणं हा आजारांचा बाप आहे, आणि इथे भर मोहिमेच्या रस्त्यावर माणसं खुशाल बसलीत! मला वाटलं, हा बाक म्हणजे आमच्या खात्याचा अपमान आहे. मी म्हटलं, काढा. साहेबांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काढाच. बसायला जागाच नसली की माणूस आपोआप चालेल, असं माझं म्हणणं. (हे मी मोठ्याने बोललो. रस्तेवाले साहेब अजून कुठेही भेटले की ते माझ्याच सुरात म्हणून दाखवतात.) टेंपो आला, बाक गेला. तो योग्य त्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्यात आला आहे, त्याची काळजी नसावी. त्याच्या जागी खांब रोवून पाटी लावली. पाटीवर तुझे ते दोन शब्द, मोठ्या अक्षरांत.

मग उद्घाटन. तुला निमंत्रण द्यायला मी स्वतः आलो होतो, आठवत असेल. तू दार अर्धंच उघडलंस आणि ‘बघू’ म्हणालीस. मला वाटलं, कौतुकाचा संकोच. (मी असा आहे, आत्या. लोकांच्या तोंडावर दार लागतं तेव्हा त्यांना कळतं. मला वाटतं, वारा असेल.) उद्घाटनाला मोठ्या बाई फीत कापणार आणि मोहिमेचा प्रमुख सायकलवरून पट्टीवरची पहिली फेरी मारणार, असं ठरलं. खात्याने नवी सायकल आणली. ती कुठल्या मापाच्या माणसासाठी बनवली होती कोण जाणे, सीटवर बसल्यावर मला शेजारच्या इमारतीचा पहिला मजला समोरासमोर दिसत होता.

इथे तुझा थोडा दोष आहे, तो नम्रपणे नोंदवतो. मला सायकल तू शिकवलीस. माझे पाय तेव्हाही आखूड होते. ब्रेक दाबला की सायकल थांबायची, पाय जमिनीला पोचायचा नाही आणि मी पडायचो. मग तूच युक्ती काढलीस: मैदानाच्या कट्ट्याशी सायकल न्यायची, कट्ट्यावर पाय टेकायचा आणि मग उतरायचं. तेव्हापासून मी तसाच उतरतो. कुठेही निघण्याआधी मी मनात पाय टेकायची जागा ठरवून ठेवतो. त्या दिवशीही ठरवली होती. फीत कापली, टाळ्या झाल्या, मी निघालो, मोठ्या बाईंकडे पाहून एक हात सोडून अभिवादनही केलं. रस्त्याच्या मधोमध थांबून दोन शब्द बोलायचे होते. मी डावा पाय ऐटीत बाहेर काढला आणि तुझ्या रस्त्यावर पाय टेकण्याजोगी जी एकच गोष्ट माझ्या लहानपणापासून होती, ती शोधू लागलो.

ती मी काढून टाकली होती. तिच्या जागी पाटी होती. मी पाटीला पाय लावू शकत नव्हतो, तिच्यावर तुझे शब्द होते, आणि शिवाय खांब फार बारीक होता. तेव्हा मी थांबलो नाही. भाषण ऐकायला जमलेली मंडळी मागे राहिली, डावा पाय बाहेरच राहिला, आणि मी तसाच पुढे. पुढे रस्ता उताराचा आहे हे तुला सांगायला नको. लोकांना वाटलं, काय हा उत्साह! ते टाळ्या वाजवत राहिले. उताराच्या तळाशी रस्ता संपतो आणि एक कुंपण सुरू होतं. त्या कुंपणाच्या मेंदीत मी सायकलसकट शिरलो.

ते कुंपण संगीताच्या बाईंचं. मी फांद्यांमधून डोकं वर काढलं तर समोर खिडकी, आणि खिडकीत उशीवर रेललेल्या बाई. त्यांनी मला लगेच ओळखलं. (तोंडात पानं होती तरी. मला वाटतं, अशा अवस्थेत त्यांनी मला शाळेतही पाहिलेलं असावं.) लागलं का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, ‘अरे, तुझी आत्या बरी आहे ना? येत का नाही ती?’

आत्या, मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. माझा गुडघा फाटला होता, शर्टात काटे होते, धडधाकट माणसासमोरही ज्याला खोटं बोलता येत नाही तो माणूस मी, आणि त्या तर अंथरुणावर पडलेल्या. पण त्या म्हणाल्या की शेजारच्या बाईकडून त्यांनी निरोपही धाडला होता, त्याला तू नुसतं ‘बघू’ म्हणून उत्तर दिलंस. त्या रोज संध्याकाळी पत्ते पिसून ठेवतात. खाटेशेजारच्या टेबलाशी तुझी खुर्ची लावलेली मला खिडकीतून दिसत होती, आणि तुझ्या वाटणीची पानं मांडलेली. त्यांना वाटतं, तू रुसलीस. का रुसलीस याचंही त्यांनी एक कारण काढलंय, ते शेवटी लिहितो. आणि मी खोटंच सांगितलं. मी म्हणालो, आत्याला सर्दी-खोकला झालाय, तुम्हाला लागू नये म्हणून ती येत नाही. त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला त्या मेंदीतच राहावंसं वाटलं. त्यांनी लगेच उशाखालून त्यांचं खोकल्याचं औषध काढलं आणि तुझ्यासाठी माझ्याकडे दिलं. ते या पत्राबरोबर पाठवतोय. घेऊ नकोस, तुला खोकला नाही.

परत यायला सायकल नव्हती. म्हणजे होती, पण तिचं पुढचं चाक आता दुसऱ्याच गावाकडे तोंड करून होतं. ती ढकलत चढ चढायला लागलो. गुडघा ठणकत होता. तू रोज परतताना हाच चढ चढायचीस. मी तो या आधी पायी कधी चढलोच नव्हतो, मोहिमेचा प्रमुख असून. आमच्या खात्यात आम्ही चालण्याविषयी एवढ्या बैठका घेतो की चालायला वेळ उरत नाही. अर्ध्यावर येईपर्यंत मला धाप लागली आणि असं वाटलं की आता कुठेतरी टेकावं. कुठे टेकावं? समोर पाटी. ‘उठा, चला!’ खांबाला धरून मी उभा राहिलो. तुला सांगतो, आयुष्यात तुझे ते शब्द इतके दुष्ट मला कधीच वाटले नव्हते.

टेलरमास्तर दुकानातून बघत होते. त्यांनी आतलं स्टूल बाहेर आणून मला बसवलं आणि म्हणाले, ‘अस्संच धरतात हो त्यासुद्धा. तोच खांब.’ मी विचारलं, कोण? तर म्हणाले, तुमच्या आत्या. मग त्यांनी मशीन बंद करून मला सगळं सांगितलं, आणि मास्तरांना एकदा बोलायला लागलं की टाका घालायचं भान राहत नाही हे तुला माहीतच आहे. ते म्हणाले, तू रोज जाता-येता त्या बाकाशी थांबायचीस. बसायची नाहीस असं नाही, बसायचीस, पण बुटाची लेस बांधायला म्हणून. चांगला वेळ लेस बांधायचीस. (मास्तर म्हणाले, गेल्या वर्षापासून तर तुझे बूट नुसत्या पट्टीचे आहेत, त्यांना लेसच नाही. तरी तू बांधायचीस. कुणीही त्यावर कधी एक अक्षर बोललं नाही.) सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं की तुझे गुडघे गेलेत आणि तुला मध्ये दम घ्यावा लागतो. मला नव्हतं. माझ्याबरोबर असलीस की तू कधीच बसायची नाहीस. माझ्यापुढे चालायचीस.

आणि बाक गेल्यावर तू पाटीपर्यंत यायचीस, खांबाला धरून थोडा वेळ उभी राहायचीस, पुढच्या अर्ध्या रस्त्याकडे बघायचीस आणि परत फिरायचीस. असं काही दिवस झालं. मग येणंच बंद केलंस. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीही, फिती बांधायच्या आधी, तू नवी साडी नेसून तिथपर्यंत आली होतीस म्हणे. पाटी पुन्हा वाचलीस आणि घरी गेलीस. आणि मी इकडे ‘ती आली नाही’ म्हणून दिवसभर फुगून बसलो होतो.

हेही ऐकून मी कदाचित निभावून नेलं असतं. माझं मन निबर आहे, सरकारी नोकरीत ते होतं. पण पुढचं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांनी आणि आजूबाजूच्यांनी बाक परत द्या म्हणून अर्ज लिहिला होता. पहिली सही तुझी हवी म्हणून ते तुझ्याकडे आले. तू अर्ज वाचलास, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्यास आणि सही न करता परत दिलास. म्हणालीस की पाटीवरचे शब्द कुणाचे आहेत ते मला कळतं, तेव्हा बाक कुणी नेला तेही कळतं, आणि ज्याने नेला त्याने काही विचार करूनच नेला असेल. तुझी नाही म्हणून मग कुणाचीच सही झाली नाही.

विचार करून! आत्या, मी विचार केला नव्हता गं. मी क्रीमचं बिस्किट शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सगळं सांगून टाकायचं असं ठरवून मी झोपलो. गेलो तर तिथे वेगळीच धांदल. त्या आठवड्यात वरून पाहुणे येणार होते, रस्त्यावर चालणारी माणसं मोजायला. आणि रस्त्यावर चालणारी माणसं मोहिमेच्या आधी होती त्याहून कमी झालेली. कारण तू एकटीच नव्हतीस. औषधाला जाणारे आजोबा बंद झाले, बाळाला घेऊन फिरणारी ती बाई बंद झाली, सगळी मधे टेकून पुढे जाणारी माणसं. आता आली का पंचाईत! शेवटी आमचं ऑफिसच चाललं. हेडक्लार्क तीन वेळा गेले: एकदा टोपी घालून, एकदा टोपी काढून आणि एकदा बायकोची छत्री घेऊन. लॅबवाल्या बाई रक्ताचे नमुने तसेच ठेवून चालत होत्या. मी लंगडत होतो, म्हणून पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून ‘दिव्यांगही वापरतात’ असा खास शेरा मारला. पाहुणे खूश होऊन गेले. मोठ्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, त्या नेमक्या त्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला भाषणात होत्या. बैठकीत त्यांनी भाबडेपणाने विचारलं, रस्त्याबद्दल लोकांची काही तक्रार? हेडक्लार्कांनी सांगितलं, एकही नाही. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘म्हणजे लोक समाधानी आहेत.’ आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला तोंड उघडायला एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. मी उठलो आणि म्हणालो, आभारी आहे.

एवढं सगळं झालं. हात दाखवून अवलक्षण करणारी माणसं असतात, मी हात, पाय आणि गुडघा दाखवून केलं. मला लाज वाटते. कुंपणात पडल्याची नाही, ते माझ्या नशिबी लिहिलेलंच आहे. लाज याची वाटते की तू माझ्या अब्रूसाठी घरात बसून राहिलीस आणि मी त्या अब्रूवर टाळ्या घेतल्या. तिथे तुझी मैत्रीण रोज पत्ते पिसते, इथे तू दार अर्धं उघडतेस, आणि मधे माझी पाटी. मोठ्यांची माफी मागायची आपल्याकडे फारशी सवय नाही, आपण ‘जेवलीस का’ असं विचारतो आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं. तसं न करता सरळ मागतो. आत्या, माझं चुकलं.

सुनेचा नमस्कार, नातीचा पापा.

तुझाच,
रखडू

ता. क. – एक काम होतं. ऑफिसात विचारून पाहिलं: एकदा काढलेला बाक नागरिकांच्या लेखी तक्रारीशिवाय परत बसवता येत नाही. तेव्हा तू माझ्याविरुद्ध तक्रार कर. मुख्य डॉक्टरांच्या नावे कर आणि माझा हुद्दा स्पष्ट घाल. तुला सोपं जावं म्हणून मी एक मसुदा सोबत जोडला होता, पण तो पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की त्यात मी स्वतःला ‘उत्साही, परंतु’ असं म्हटलंय. तो फाड. तू तुझ्या शब्दांत लिही. मला रांगेतून बाहेर काढून मैदानाच्या मधोमध उभं करायचीस, तसं लिही. आणि पहिली सही तुझी असू दे, बाकीचे पेन उघडून बसलेत.

ता. क. २ – वर मी लिहिलं की बाक योग्य ठिकाणी सुरक्षित ठेवण्यात आला आहे. ते ठिकाण म्हणजे आमची गॅलरी. भांडारवाल्याने जागा नाही म्हणून टेंपो परत पाठवला, तेव्हा मी ‘दोन दिवस आमच्याकडे टाका’ म्हटलं. तुझ्या सुनेने त्याला पॉलिश केलं, गाद्या शिवून घेतल्या. (टेलरमास्तरांकडूनच. माप घेताना ते नुसते माझ्याकडे बघत होते.) फार आरामशीर बाक आहे गं. हे सगळं पत्र मी त्याच्यावरच बसून लिहिलंय.

ता. क. ३ – संगीताच्या बाईंचा निरोप. तू रुसलीस असं त्यांना ज्या कारणाने वाटतं ते असं, की तुम्ही शेवटचं खेळलात तेव्हा त्यांनी एक एक्का पांघरुणाखाली दडवला होता. त्या म्हणाल्या, ‘तिला सांग, तेव्हाही दडवला होता आणि शाळेच्या स्टाफरूममध्येही दडवायचे. पण आता ये म्हणावं.’ म्हणजे इतकी वर्षं तू म्हणत होतीस ते खरं होतं. मला वाटलं, तुला हे समोरासमोर ऐकायला आवडेल.

शेवटचा ता. क. – तक्रार पोचून मंजूर होईपर्यंत पावसाळे निघून जातील. म्हणून शनिवारी सकाळी मी टेंपो घेऊन येतोय. गाद्यांसकट. हुकूम नाही, परवानगी नाही, म्हणजे तेवढा वेळ तो बाक कायद्याने माझं अतिक्रमण असेल आणि कुणी उचलायला आलं तर मला अडवता येणार नाही. पण ज्यावर तू बसली आहेस असा बाक उचलायची हिंमत आमच्या अख्ख्या खात्यात कुणाची नाही, हे मी लिहून देतो. शिट्टी घेऊन ये. आयुष्यभर तू आम्हाला उठा, चला म्हणत आलीस. शनिवारी माझ्यासाठी जरा वेळ बस, लेस न बांधता बस, सगळ्यांच्या देखत बस, आणि दम खाऊन झाला की पुढे जा, तिकडे पत्ते पिसून ठेवलेले आहेत. पाटी मात्र मला काढता येत नाही. बाक तिच्या पुढ्यातच ठेवतो, तिला पाठ टेक.